‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ : खोटी सूचना कशी बंद झाली

देवगडला आमच्या आंबा बागेचे हिशेब ज्या विंडोज संगणकावर असतात, त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी ‘५ व्हायरस सापडले, परवान्याचे नूतनीकरण करा’ अशी सूचना येऊ लागली, आणि तीही आम्ही कधीच न घेतलेल्या अँटिव्हायरसच्या नावाने. ऐन हापूसच्या हंगामात चार दिवस यात गेले. संगणक पुन्हा सुरू करणे, ब्राउझरचा इतिहास पुसणे, कशाचाच उपयोग झाला नाही.

नीट पाहिल्यावर सूचनेत क्रोम या ब्राउझरचे नाव आणि एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसला. म्हणजे सूचना अँटिव्हायरसची नव्हती, त्या संकेतस्थळाची होती; तपासणी झालीच नव्हती. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ म्हणणाऱ्या एखाद्या पानाला घरातल्या कोणीतरी (बहुधा मीच) सूचना पाठवण्याची परवानगी दिली होती.

क्रोममधील तीन टिंबे, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जाऊन, परवानगी असलेल्या यादीतील तो पत्ता मी ब्लॉक केला. सूचना तत्काळ थांबल्या. खात्रीसाठी उघडी कामे जतन करून विंडोज सिक्युरिटीतील व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स येथून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी) चालवले; त्यासाठी संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि सुमारे १५ मिनिटे लागतात. त्यात एकही व्हायरस निघाला नाही.