बॉयलर म्हणजे गीझर नव्हे : इंग्लंडच्या थंडीत या चुका टाळा

पुण्या-नाशिकहून इंग्लंडात नव्याने आलेल्यांचे फोन पहिल्या कडाक्याच्या थंडीत हमखास येतात. रेडिएटर गार पडलेत, काय करू? आपल्याला सवय गीझरची. इथे मात्र बॉयलरमध्ये तापलेलं तेच ते पाणी बंद नळ्यांतून आणि खोल्याखोल्यांतल्या भिंतींवरच्या रेडिएटरमधून घरभर फिरून परत येतं. घोटाळा बहुतेक वेळा या फिरत्या पाण्यातच असतो.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो निवू द्या. वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने हळूच सैल करा, फुसफुस थांबून पाणी झिरपू लागलं की लगेच घट्ट करा. खाली फडकं धरा, हे पाणी काळं असतं आणि गालिच्यावरचा डाग जात नाही.

इथवर सगळे करतात, पुढचं विसरतात. हवा निघाली की नळ्यांतल्या पाण्याचा दाबही उतरतो आणि बॉयलर बंद पडू शकतो. सिस्टीम गार असताना बॉयलरवरच्या दाबमापकाचा काटा साधारण १ ते १.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) हवा. कमी असेल तर बॉयलरखालच्या भरणीच्या नळीने पाणी भरा आणि झडपा आठवणीने बंद करा. उघड्या राहिल्या तर दाब चढत जातो आणि ३ बारला सुरक्षा झडप पाणी बाहेर सोडते.

दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर भरत बसू नका. कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) बिघडलं आहे. नव्या पाण्यासोबत ऑक्सिजन येतो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो गंज गाळ होऊन तळाशी बसतो. वर गरम, खाली गार अशा रेडिएटरचं कारण हेच. तिथे हवा काढून काही होत नाही, सिस्टीम धुऊन घ्यावी लागते.

शून्याखालच्या पहाटे बॉयलर गुडगुड करून बंद पडला, तर बाहेर जाणारी प्लॅस्टिकची कंडेन्सेट नळी, म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी नळी, बघा. ती बहुतेक वेळा गोठलेली असते. हात पोहोचत असेल तरच तिच्यावर कोमट पाणी ओता, मग रीसेट करा. उकळतं पाणी नको, नळी तडकू शकते.

थर्मोस्टॅट २८ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, कुठे थांबायचं एवढंच तो ठरवतो. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाला थेट गरम पाणी देणारा) असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० अंशांच्या आसपास आणून बघा. परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं, तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णता नीट परत मिळवतो. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र विचारल्याशिवाय हे करू नका, टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

आता सर्वांत कळकळीचं. गार वारा येतो म्हणून हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या भिंतीतल्या जाळ्या कापडाने बुजवू नका. हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म लावाच. बॉयलर उघडायचा तो फक्त गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाने, त्याचं कार्ड मागायला संकोच करू नका. भाड्याच्या घरात दर वर्षी गॅसची तपासणी करून घेणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं झालं तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो.