वाघ्या घेवडा, पावटा, चवळी: दाणा मऊ, पण अख्खा

कोरेगावचा वाघ्या घेवडा निदान आठ तास भिजवा; वाटीभर दाण्यांना तीन वाट्या पाणी. सकाळी ते ओतून द्यायचं. नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, मग कुकरच्या चार शिट्ट्या. नुसत्या मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या घेवड्यातलं विष जात नाही, उलट्या होतात.

एक दाणा बोटांत चिरडून बघा. मध्ये पांढरी कणी लागली तर आणखी दोन शिट्ट्या. तरीही टणक? दाणा जुना असेल, नाहीतर बोअरचं जड पाणी. चिमूटभर खायचा सोडा चालतो, जास्त झाला की साबणासारखी चव येते. चिंच-टोमॅटो दाणा शिजल्यावरच. आंबटानं साल घट्ट राहते. मिठाला मात्र लोक उगाच घाबरतात, आधी घातलं तरी बिघडत नाही.

चवळीला दोन तास भिजवण आणि दोन शिट्ट्या पुरे. मोड आणून सोललेला पावटा कुकरात गाळ होतो. तो कढईतच, ताटात पाणी ठेवून झाकून शिजवा. लागलं तर तेच गरम पाणी घाला.

घेवड्याच्या फोडणीला कांदा-लसूण मसाला दोन चमचे. मूठभर शिजलेले दाणे ठेचून घातले की रस्सा आळतो.