लोहगडाला वर्ग नेताना आधी परतीची वेळ ठरवा

नवख्यांचा गट लोहगडाला न्यायचा, तर मळवलीहून परतीची लोकल कोणती हे आधी पक्कं करा आणि तिथून उलटं मोजत या. चालीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचाच धरा. पुढे वाटेचा माहीतगार, मागे एक अनुभवी सदस्य; त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम कडक पाळा. वर चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा लागतात. प्रत्येक दारात थांबून डोकी मोजा, दमलेल्यांना श्वासही घेता येतो. विंचूकाटा म्हणजे गडाची लांब, निमुळती सोंड; तिकडची उतरण पावसात फार निसरडी होते. धुकं दाट असेल तर तिथे जाऊच नका. गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीत जेवायचं असेल तर ताटांचा आकडा आदल्या दिवशीच कळवा.