परसातल्या ऑफिसात घरचं नेट नीट कसं न्यायचं

घरामागच्या बागेत छोटी खोली बांधून तिथनं काम करणारे आता बरेच झालेत, आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे नेट. मोबाइलवर वायफायच्या दोन दांड्या दिसतात, मेसेज जातात येतात, पण व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटायला लागतो. मग कोणी महागडा प्लॅन घेतो, कोणी एक्सटेंडर, म्हणजे वायफाय पुढे ढकलणारा डबा, आणून भिंतीतल्या सॉकेटला लावतो. फरक फारसा पडत नाही, कारण घोळ प्लॅनमध्ये नसतोच, घर आणि ती खोली यांच्या मधल्या पट्ट्यात असतो. माझं मत एकदम स्पष्ट आहे, रोजचं काम तिथनं करणार असाल तर वायफाय ताणत बसू नका, वायर न्या. एकदाच कष्ट आहेत, नंतर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

पण काहीही विकत घेण्याआधी घोळ नक्की कुठे आहे ते बघा. आधी घरात लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून स्पीड टेस्ट करा, डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा जास्त लक्ष देऊन बघा, कारण कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडनेच जातो. चांगल्या क्वालिटीच्या ग्रुप कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस लागतात, म्हणजे स्पीड बहुतेकांकडे भरपूर असतो, हवं असतं ते सातत्य. आता लॅपटॉप घेऊन बागेतल्या खोलीत जा आणि तिथनं बाहेरच्या कुठल्या साइटला नाही तर आपल्याच राउटरला पिंग द्या, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. केबलवर हे उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास येतं, चांगल्या वायफायवर थोडं जास्त पण स्थिर. तुमच्याकडे आकडा ५ वरनं एकदम ३०० वर उडी मारत असेल, मधेच टाइम आउट येत असेल, तर बिघाड घरापासून खोलीपर्यंतच आहे आणि प्लॅन कितीही मोठा घेतला तरी तो जाणार नाही.

दांड्या असूनही असं का होतं? कारण दांड्या फक्त राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो तेवढंच सांगतात. राउटर घरातनं ओरडून बोलतोय ते तुम्हाला ऐकू येतं, पण मोबाइल-लॅपटॉपचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत परत पोचत नाही. त्यात घराची जाड भिंत, आणि बागेतल्या खोल्यांना उष्णता अडवायला चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन किंवा पत्र्याचं छत असतं, धातू सिग्नल परत फिरवतो, काही खिडक्यांच्या काचेवर धातूचा पातळ थर असतो तोही तेच करतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण तिथे आधीच गर्दी असते, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला लवकर हार मानतं. आणि साधा एक्सटेंडर त्याच रेडिओने ऐकतो नि त्याच रेडिओने पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, शिवाय लोक तो खोलीतच लावतात जिथे मुळात सिग्नलच मेलेला असतो.

तर वायर. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या, शुद्ध तांब्याची आणि बाहेर वापरायची, काळ्या पॉलिथिन आवरणाची. घरात वापरतात ती राखाडी-पांढरी केबल उन्हात तडकते आणि आत पाणी शिरतं. स्वस्तातल्या केबलवर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा मुलामा, ती अजिबात घेऊ नका. पूर्ण लांबीची मर्यादा १०० मीटर, दोन्ही टोकांच्या छोट्या केबल धरून, एवढ्या अंतरावर १ गिगाबिट आरामात मिळतं, खरं तर कॅट ५ईवर पण मिळतं.

केबल नुसती मातीत पुरू नका, चर खणून प्लॅस्टिकच्या पाइपातनं न्या, म्हणजे कुदळ आणि उंदीर दोघांपासनं वाचते. पाइपात एक दोरी सोडून ठेवा आणि जमलं तर दोन केबल ओढा, चर पुन्हा खणायचा त्रास फार मोठा असतो आणि जादाची केबल त्यामानाने काहीच नाही. विजेची वायर त्याच पाइपातनं कधीच नाही, वेगळा पाइप आणि मधे अंतर, आणि विजेचं काम वायरमनलाच करू द्या. ओढताना केबलला पीळ किंवा तीक्ष्ण घडी पडू देऊ नका.

भिंतीतनं आत घेता ना, तिथे बरेच जण घाई करतात. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आणि केबल भोकात शिरायच्या आधी खाली एक वळण सोडा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरनं ओघळत त्या वळणाच्या तळाला येऊन गळून पडतं, आत येत नाही. मग भोक सीलंटने बंद.

दोन्ही टोकांना भिंतीवरचं सॉकेट बसवा आणि पुढे छोटी तयार केबल लावा, जाड केबलला थेट पिन लावली तर हलवून हलवून ती सैल होते. आतल्या चार जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, तो पीळच गोंगाट मारतो. रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवा, सगळ्यात प्रचलित बी क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडून झालं की लॅपटॉप केबलच्या जोडणीचा स्पीड किती दाखवतोय बघा, १०० एमबीपीएसच दाखवत असेल तर जवळपास नेहमी एखादी तार नीट बसलेली नसते, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात, म्हणून नेट चालू दिसतं आणि लोक तसंच सोडून देतात.

आता एक गोष्ट जिच्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. खोलीचं अर्थिंग घरापेक्षा वेगळं असेल किंवा तुमच्याकडे विजा जोरात पडत असतील, तर तांब्याच्या केबलऐवजी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. काचेतनं वीज वाहत नाही, त्यामुळे एका इमारतीतला झटका दुसरीकडच्या मशीनपर्यंत जात नाही. आत धातूची तार किंवा कवच नसलेली, दोन्ही टोकं कारखान्यातच लावलेली फायबर मिळते, ती पाइपातनं ओढायची आणि दोन बाजूंना फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणारे मीडिया कन्व्हर्टर, फक्त फायबर सिंगल मोड प्रकारची असेल तर कन्व्हर्टर पण सिंगल मोडचेच हवेत. तांबंच टाकणार असाल तर दोन्ही टोकांना विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्यांना नीट अर्थिंग द्या. शील्डवाली, म्हणजे आत धातूचं कवच असलेली केबल तर दोन वेगळ्या अर्थिंगच्या मधे नकोच, शील्डमधनंच करंट वाहायला लागतो.

खोलीत केबल पोचली की कामाचा कॉम्प्युटर थेट तिलाच लावा आणि मोबाइल वगैरेसाठी केबलवरच्या नेटचं वायफाय करून देणारा अॅक्सेस पॉइंट. जुना राउटर वापरायचा असेल तर त्यात अॅक्सेस पॉइंट मोड शोधा, नसेल तर आधी त्याचा पत्ता घरच्या राउटरपेक्षा वेगळा करून घ्या, मग डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या मशीनना पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि केबल वॅन (WAN) लिहिलेल्या पोर्टला नाही तर लॅन (LAN) लिहिलेल्या पोर्टला लावा. हे नाही केलं तर दोन राउटर एकामागे एक बसतात आणि घरातला प्रिंटर खोलीतनं दिसेनासा होतो. नाव-पासवर्ड घरचाच ठेवा, २.४ वर दोघांना १, ६, ११ मधले वेगवेगळे चॅनेल द्या.

खणणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, मधे फरशी असेल, तर पर्याय आहेत. मला त्यातला वायरलेस ब्रिज सगळ्यात बरा वाटतो, एक डबा घराच्या भिंतीवर बाहेर, दुसरा खोलीवर, तोंडं समोरासमोर, मधे काही नको. झाडाची फांदी पण नको, ओली पानं सिग्नल पितात, उन्हाळ्यात सुरळीत चाललेला ब्रिज पावसात पानं भरल्यावर अडखळतो. मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणारे वायफायचे दोन-तीन पॉइंट, घेतलात तर घरातला पॉइंट बागेकडच्या खिडकीत ठेवा, कपाटात नाही. विजेच्या वायरिंगमधनं नेट नेणारे पॉवरलाइन अॅडॉप्टर नशिबावर आहेत, खोलीचं वायरिंग घरच्याच बोर्डावरनं आलं असेल तर चालू शकतात, वेगळं मीटर असेल तर विसरा, आणि लावायचेच तर थेट भिंतीतल्या सॉकेटला, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. परत करता येत असतील तरच घ्या.

वीज गेली तर काय, याचाही आत्ताच विचार करा. राउटर आणि नेट कंपनीने घरात लावलेला फायबरचा डबा दोघांनाही छोटा यूपीएस हवा, एकालाच दिला तर उपयोग शून्य. तांब्याची केबल असेल तर अॅक्सेस पॉइंटला घरातनंच पीओईने, म्हणजे त्याच केबलमधनं वीज देता येते, मग एकाच यूपीएसवर सगळं चालतं. लाइनच गेली तर मोबाइलचा हॉटस्पॉट, तो लॅपटॉपवर आधीच जोडून ठेवा.

सगळं झालं की कामाच्या एका पूर्ण दिवसभर दोन खिडक्यांमध्ये पिंग चालू ठेवा, एक घरच्या राउटरला आणि एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. दोन्ही एकदम तुटले तर आपली केबल, सॉकेट, पिना तपासायच्या. पहिला स्वच्छ आणि दुसराच तुटत असेल तर बागेपर्यंतचं तुमचं काम बरोबर झालंय, बिघाड पुढे आहे, वेळेसकट त्याचा स्क्रीनशॉट काढून नेट कंपनीकडे तक्रार टाका.