कंडी कुणी पिकवली? नटनट्यांची बातमी तपासण्याची रीत

गॉसिप वाचू नका, असं सांगायला हा लेख नाही. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत जुनी फिल्मी मासिकं मीही चवीने चाळतो. पण एखादी गोष्ट खरी मानून चार लोकांना सांगायची असेल, तर ती आधी तपासायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सगळा भर एका प्रश्नावर ठेवायचा: हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि त्याला ते कळायची काही सोय होती का?

आधी बातमीचे तुकडे पाडा

एका परिच्छेदात चार-पाच दावे कोंबलेले असतात. ते कागदावर वेगवेगळे लिहा. सरावासाठी अमेरिकेतलं १९७६ सालचं प्रकरण घेऊ. ‘नॅशनल एन्क्वायरर’ या गॉसिप साप्ताहिकाने छापलं की विनोदी अभिनेत्री कॅरोल बर्नेट वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्याशी जोरजोरात भांडली, मग टेबलाटेबलांवर आपलं डेझर्ट वाटत फिरली, आणि एकाच्या अंगावर वाइन सांडून वर हसत सुटली. आता तुकडे बघा. ती तिथे जेवायला गेली होती, हे खरं. किसिंजर तिथे होते, हेही खरं. शेजारच्या टेबलावर तिने डेझर्टचा घास दिला, तेही खरं. भांडण झालंच नव्हतं आणि वाइनही सांडली नव्हती. बाई दारूच्या नशेत होती, असा सूर त्या चार ओळींतून निघत होता. तिच्या आई-वडिलांना दारूचं व्यसन होतं, त्यामुळे तो घाव तिला फार लागला. ती कोर्टात गेली. १९८१ मध्ये ज्युरीने १६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढे न्यायालयांनी ती बरीच कमी केली, पण मजकूर खोटा हे कायम राहिलं.

‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ असं आपल्याकडे लगेच म्हणतात. इथली आग म्हणजे डेझर्टची एक बशी होती.

म्हणून यादीत खुणा करताना एक सावधगिरी हवी. तीन तुकडे खरे निघाले म्हणून चौथा आपोआप खरा ठरत नाही. उलट जागा, तारीख आणि साक्षीला मोठं नाव असे सहज पटणारे तपशील पुढे ठेवूनच मधली पुडी सोडलेली असते. तेव्हा सगळ्यांत चटकदार तुकडा कोणता ते शोधा आणि फक्त त्याच्याच मागे लागा.

मग सांगणाऱ्याला शोधा

‘निकटवर्तीयांच्या म्हणण्यानुसार’, ‘जवळच्या सूत्रांनी सांगितलं’ अशी वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. त्यानंतर उरलेल्या मजकुरात नाव असलेला एक तरी माणूस बोललाय का, ते पाहा. नवरा-बायकोचं बंद खोलीतलं भांडण संवादांसकट छापलं असेल, तर त्या खोलीत तिसरं कोण होतं? निनावी माणूस नेहमी खोटंच बोलतो असं नाही. भीतीपोटीही लोक नाव लपवतात. पण मग मासिकाने दुसऱ्या कुणाकडून तरी खातरजमा केलेली दिसायला हवी. ऑस्ट्रेलियात अभिनेत्री रेबेल विल्सन खोटारडी आहे असं रंगवणारे लेख २०१५ मध्ये आले, ते एका निनावी जुन्या शाळासोबत्याच्या सांगण्यावर. २०१७ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. भरपाई आधी ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होती, अपिलात ती ६ लाखांवर आली.

यातला सगळ्यांत निसरडा प्रकार म्हणजे नावच न घेणं. मुंबईत १९७१ मध्ये नारी हिरांनी ‘स्टारडस्ट’ हे फिल्मी मासिक सुरू केलं, शोभा राजाध्यक्ष म्हणजे पुढच्या शोभा डे त्याच्या पहिल्या संपादक. त्यातल्या ‘नीताज् नॅटर’ या सदराची वाचकांना चटक लागली होती. ‘एक उंच नायक, एक नुकतीच लग्न झालेली नायिका’ अशा धाटणीच्या मजकुरात आपण आपल्या मनातली नावं भरतो, आणि भरलेलं नाव आपलंच असल्यामुळे ते खरंही वाटतं. हे तपासता येत नाही. कोडं म्हणून वाचा आणि तिथेच सोडा.

मथळा आणि आतला मजकूर शेजारी ठेवा

मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर बहुधा आत नसतंच. टॉम क्रूझने लेकीला टाकून दिलं, असं ओरडणारी मुखपृष्ठं २०१२ मध्ये दोन अमेरिकी साप्ताहिकांनी छापली. त्याने पाच कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आपल्या मराठी पोर्टलांचा लाडका शब्दप्रयोग म्हणजे ‘चर्चांना उधाण’. लिंक उघडून ही चर्चा कोण करतंय ते मोजा. अनेकदा इन्स्टाग्रामवर नवऱ्याचं आडनाव काढलेलं असतं आणि खाली पाच-सहा कमेंट. एवढ्यावर घटस्फोट उभा केलेला असतो.

फोटोची जन्मतारीख काढा

फोटो खरा असतो, पण वेळ किंवा अर्थ दुसराच चिकटवलेला असतो. फोनवर गुगल लेन्समध्ये फोटो टाका. चौकटी, बाण, अक्षरं कापून फक्त मूळ चित्र ठेवा. टिनआय या साइटवर निकाल जुन्यापासून लावता येतात, त्यामुळे फोटो पहिल्यांदा कधी दिसला याचा अंदाज येतो. पण अर्थ तपासायला असं साधन नाही. अमेरिकी अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या पोटाकडे बाण दाखवून मासिकांनी तिला वर्षानुवर्षं गरोदर ठरवलं. शेवटी जुलै २०१६ मध्ये ‘हफिंग्टन पोस्ट’मध्ये स्वतः लेख लिहून तिने हे खोडून काढलं. जेवणानंतरचं पोट, एवढाच पुष्कळ फोटोंचा खुलासा असतो.

मृत्यूची बातमी असेल तर

इथे घाई अजिबात नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. ते गेल्याची बातमी रात्रीतून पसरली, नावाजलेल्या कलाकारांनी श्रद्धांजलीही वाहिली, आणि ते जिवंत आहेत हे घरच्यांना सांगावं लागलं. त्यांचं निधन त्यानंतर, २६ नोव्हेंबरला झालं. दहा ठिकाणी आलेली बातमी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेली असू शकते. प्रत्येक बातमीत ‘कुणी सांगितलं’ ते पाहा आणि रुग्णालयाचं किंवा घरच्यांचं नावानिशी निवेदन मिळेपर्यंत थांबा. श्रेयस तळपदेला ऑगस्ट २०२४ मध्ये आपण ठणठणीत असल्याचं स्वतः लिहावं लागलं होतं. गंमत म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचा आपल्या लहान मुलीला किती त्रास होतो, तेही त्याने सांगितलं.

अधिकृत खातं म्हणजे पक्कं, असंही धरून चालू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडेच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून तिच्या निधनाची पोस्ट आली, आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत समोर आली: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृती करायची होती म्हणे. हा प्रकार मला आजही किळसवाणा वाटतो.

तपास कुणी आधीच केलाय का

फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर मराठीतही पडताळणी करतात. ऑल्ट न्यूज आणि बूमही पाहा. नटाचं नाव आणि दाव्यातला एखादा ठळक शब्द टाकून शोधलं की पुरतं.

ग्रुपवर काय करायचं

दोन बाणांसह ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ अशी खूण असेल, तर पाठवणाऱ्या काकूंना मूळ गोष्टीची काही कल्पना नसते. त्यांना धारेवर धरून उपयोग नाही. सगळ्यांसमोर ‘फेक आहे’ असं ठोकून देण्यापेक्षा त्यांना वेगळा मेसेज करा: “काकू, हे त्यांच्या घरच्यांनीच खोटं म्हटलंय, ही लिंक बघा.” व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. तो कसा करायचा हे त्यांना ठाऊक नसेल, तर फोन करून सांगा: मेसेजवर बोट दाबून धरा, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा, आणि ‘सगळ्यांसाठी’ हाच पर्याय निवडा. नुसता आपल्यापुरता डिलीट केला, तर तो बाकीच्यांच्या फोनवर तसाच राहतो.