मूल आजारी असताना दवाखान्यात फोन करताय? या चुका टाळा

लहान मुलांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. रात्रीचे फोन बहुतेक मीच घेते. मूल आत्ताच्या आत्ता आणायचं, सकाळी आणलं तरी चालेल, की घरीच सांभाळायचं, एवढं मला फोनवरून ठरवायचं असतं. मूल मला दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. म्हणून त्याच त्या चुका ऐकल्या की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोन करणारा मुलाजवळच नसतो. चाकणला रात्रपाळीला असलेल्या एका वडिलांचा फोन आला. आठ महिन्यांचं बाळ गावी, आजीजवळ. "ताप आहे, सर्दी आहे, कुठलं औषध देऊ तेवढं सांगा, मॅडम." बाळ कसं आहे विचारलं तर म्हणाले, झोपलंय. त्यांनी बाळ सकाळपासून पाहिलेलंच नव्हतं. मी घरचा नंबर मागून घेतला. आजीला म्हटलं, "आजी, झबलं वर करा, दिवा लावा आणि छातीकडे बघा." त्या म्हणाल्या, "श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय गं." मग मी घड्याळ धरलं आणि त्यांना पोट वर आलं की मोठ्याने आकडा म्हणायला सांगितलं. मिनिट संपायच्या आत त्या साठीच्या पुढे गेल्या. बाळाला उठवायला सांगितलं, तर ते डोळे उघडून परत मिटत होतं, दूध पीत नव्हतं. लगेच १०८ला फोन करायला लावला. न्यूमोनिया निघाला. बाळ बरं होऊन घरी गेलं.

हे सगळं आजींनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ही मर्यादा ६०. मूल शांत असताना, पूर्ण मिनिटभर मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे पुष्कळ भेटतात. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे तो हिशोब चुकतो. मिनिटभर थांबायलाच हवं.

दुसरी चूक औषधाच्या मापाची. "एक चमचा पॅरासिटामॉल दिलं" हे वाक्य ऐकलं की मी पुढचं सगळं थांबवते आणि बाटली हातात घेऊन लेबल वाचायला लावते. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५, तर मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीत २५०. एका आईने थेंबांचं औषध चमच्याने द्यायला काढलं होतं. पाच मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम! बाळ आठ किलोचं. एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला फार तर १२०. सुदैवाने चमचा अजून हातातच होता.

म्हणून फोन करण्याआधी मुलाचं वजन माहीत हवं. मी तर प्रत्येक आईला औषधाच्या डब्यावर चिकटपट्टी लावून वजन आणि तारीख लिहून ठेवायला सांगते. दिलेल्या डोसची वेळही तिथेच लिहायची. आई एकदा देते, आजी पुन्हा देते, आणि विचारलं की दोघी एकमेकींकडे बघतात.

तापाचा आकडा घेऊन बसू नका. १०३ ताप असूनही खेळणारं, पाणी पिणारं मूल मला तितकं घाबरवत नाही, जितकं १०० तापात निपचित पडलेलं. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर फोनवर सल्ला मागत बसू नका, सरळ दवाखान्यात आणा.

"मागच्या वेळचं औषध उरलंय, तेच देऊ का?" नाही. पाणी घालून कालवलेलं अँटिबायोटिक थोडेच दिवस टिकतं, आणि आजार तोच आहे हे तुम्ही ठरवू नये. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्याचं सिरप मनाने मुळीच देऊ नका.

जुलाबात ओआरएसची चिमूट ग्लासात टाकू नका. मोठं पाकीट एक लिटरमध्ये, छोटं २०० मिलीमध्ये, आख्खं. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. शेवटची शू कधी झाली, हे फोन करण्याआधी आठवून ठेवा.

आकडी आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली की १०८. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करायला लावू नका.

डॉक्टर "प्रत्यक्ष दाखवा" म्हणाले की काही पालक चिडतात. फोनवर भागणार नाही असं वाटलं तर मूल समोर आणायला सांगणं हे त्यांचं कामच आहे. केंद्राच्या २०२० सालच्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमांतही हा निर्णय डॉक्टरांवरच सोडलेला आहे.

आणि बोलणं झालं की फोन बाळाजवळच्या माणसाकडे द्या, चार्जिंग बघा. घरी सांभाळायला सांगितलेल्या बाळाची मी तासाभराने पुन्हा चौकशी करते, तेव्हा कुणीतरी फोन उचलायला हवा.