पीएचडीचा मराठी आराखडा दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांत दिसतो? हा उपाय चालला

समाजशास्त्राच्या पीएचडी अर्जासाठी सीताबर्डीत टाइप करून घेतलेला आराखडा मार्गदर्शकांकडे उघडला, तर ‘समाज’च्या जागी एल-ई-के-टी. फॉन्ट मंगल केला, वर्ड नव्यानं टाकलं, फरक शून्य. मुदत तोंडावर असताना डोकं फिरतं.

कारण: आराखडा कृतिदेव या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि कृतिदेव युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी पद्धत) नाही. त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरंच दिसतात.

आधी फाइलची प्रत काढा. इंग्रजी संदर्भ कापून वेगळे ठेवा, नाहीतर त्यांचाही देवनागरी कचरा होतो. उरलेला मजकूर कृतिदेव-युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, मग मंगल लावा. ‘वर्ग’, ‘धर्म’मधला रफार आणि ‘स्थिती’ची पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, घोळ हमखास इथेच. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून देवनागरीच दिसतो ना, बघा. शेवटी संदर्भ जोडून पीडीएफ करा आणि मोबाइलवर उघडा.